अडला हरी

गृहपाठाला मदत करणे ही एके काळी घरगुती गोष्ट होती. आज तो एक भरभराटीचा धंदा झाला आहे, आणि या धंद्यात मदत सोडून बाकी सगळे मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत पुष्कळांना रुचणार नाही. उत्तरे विकून ज्यांची पोटे भरतात त्यांना तर नाहीच. पण ती मुलांसाठी विकत घेणाऱ्या पालकांनाही ते झोंबेल. त्याला माझा इलाज नाही. तीस वर्षे मी अकरावीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवले. एवढे बोलण्याचा अधिकार त्यातून मिळतो, असे मी समजतो.

एक साधे उदाहरण घेऊ. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो किती उंच जाईल, आणि तिथे पोचायला किती वेळ लागेल? गुरुत्वाचे त्वरण १० धरले तर उत्तर २० मीटर आणि २ सेकंद. गाइडमध्ये हे छापलेले असते, क्लासच्या चिठोऱ्यावर असते, फोनपुढे पुस्तकाचे पान धरले तर निमिषात पडद्यावर येते. ज्याच्या वहीत ते बिनचूक उतरले आहे अशा मुलाला मी विचारतो, “अगदी वरच्या टोकाला चेंडूचे त्वरण किती?” तो बेधडक सांगतो, “शून्य.” अरे, वेग शून्य झाला आणि त्वरणही शून्य झाले, तर चेंडू त्रिशंकूसारखा तिथेच लोंबकळत राहायला नको का? वेग निराळा आणि वेग बदलण्याचा दर निराळा, ही गाठ त्याच्या मनात सुटलेलीच नाही. पुढे त्याला कलन शिकायचे आहे, आणि कलनाचा निम्मा संसार या बदलाच्या दरावरच उभा आहे. म्हणजे गणित सुटले, गाठ तशीच राहिली, आणि मदत करणाऱ्याचे पैसे मात्र चुकते झाले!

गणिताच्या तासालाही हाच प्रकार. ३० अंशांच्या कोनाची साइन अर्धी, हे मुलाला तोंडपाठ असते. गणकयंत्र रेडियनवर ठेवून त्याने तोच ३० दाबला की उत्तर येते उणे ०.९८८. ते तो निमूटपणे उतरवून घेतो. काटकोन त्रिकोणातल्या दोन बाजूंचे गुणोत्तर उणे कसे येईल, ही शंका त्याला शिवत नाही. उत्तर बाहेरून येते आणि ते तपासणे हे आपले काम नव्हे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

यावर एक ठरीव बचाव असतो. “रामानुजनांना कुठे कोणी समजावले होते? त्यांनीही एका पुस्तकातली सूत्रेच वाचली ना?” वाचली, खरे आहे. कार नावाच्या इंग्रज शिकवणीमास्तराने परीक्षार्थींसाठी केलेले ते हजारो प्रमेयांचे संकलन होते. पण त्यात सिद्धता जवळजवळ नव्हत्या. असल्या तर ओझरत्या. त्या रामानुजनांना स्वतः रचाव्या लागल्या. त्या पुस्तकाने वाचकासाठी काम शिल्लक ठेवले होते. आमचे गाइड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारे काम स्वतः करते आणि मुलाकडे फक्त लेखनिकाची नोकरी ठेवते. या दोन पुस्तकांना एका पंगतीत बसवणे हा शुद्ध कांगावा आहे.

मात्र दुसऱ्या टोकाच्या सोवळ्या मंडळींशीही माझे भांडण आहे. “मदत कसली मागतोस? स्वतः डोके चालव!” असे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच घरात पाहावे. ज्याचा बाप इंजिनियर, त्याची अडचण रात्री जेवणाच्या ताटावर सुटते. तिला कोणी मदत म्हणत नाही, संस्कार म्हणतात. तालुक्याच्या शाळेतून मराठीत दहावी झालेला मुलगा अकरावीला विज्ञान घेतो तेव्हा सारा विषय एकदम इंग्रजीत त्याच्या अंगावर येतो. आपण पदार्थविज्ञानात अडलो की भाषेत, हेही त्याला उमगत नाही. तो धीर करून वर्गात उभा राहतो, तर मास्तर म्हणतात, “एवढंही येत नाही?” वर्ग हसतो. तो खाली बसतो, आणि वर्षभर पुन्हा उठत नाही.

असा मुलगा फोनकडे का वळतो, हे कोणाला कोडे वाटत असेल तर मला त्या विद्वानाचीच कीव येते. फोन हसत नाही! २०१४ साली फोटोमॅथ आले, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि शिक्षणाचे वाटोळे झाले म्हणून ओरड सुरू झाली. यंत्राला शिव्या देणे सोपे असते. हेच यंत्र, विचारणाऱ्याने तसे विचारले तर, पायरीपायरीने समजावूनही सांगते, प्रसंगी चुकतेही. पण कसे विचारावे आणि चूक कशी धरावी हे ज्याला कोणी दाखवलेच नाही, तो ‘उत्तर दे’ एवढेच म्हणणार. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. हरीला अडवून कोणी ठेवला, हे मात्र आपण विचारत नाही.

सरकारने काय केले? मुले नाव कनिष्ठ महाविद्यालयात घालतात आणि दिवस क्लासमध्ये काढतात, हे लक्षात आल्यावर २०१८ साली विज्ञानशाखेला बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम निघाला. वर्गात आल्यावर मुलाच्या शंकेचे काय होणार, याचे उत्तर हजेरीच्या यंत्रात नसते. अंगठा उठवून माणूस शिकत असता, तर या देशात निरक्षर कोणी उरला नसता.

खरी मदत कशी असते ते पाहायला परदेशी जाण्याचे कारण नाही. ‘लीलावती’त भास्कराचार्य नियम सांगतात आणि लगेच उदाहरण घालून ‘सांग’ म्हणतात. ९ हातांचा खांब, त्यावर मोर. खांबाच्या बुडाशी बीळ, आणि २७ हातांवरून बिळाकडे येणारा साप. मोर तिरपी झेप घेतो. दोघांची गती सारखी, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? इथे अडलेल्या मुलीला ‘१२ हात’ सांगणारा तिचे नुकसान करतो. “गती सारखी, मग त्याच वेळात दोघांनी तोडलेली अंतरे कशी असतील?” एवढेच विचारणारा तिला हात देतो, पुढचा काटकोन त्रिकोण ती आपला आपण शोधते. पाटण्याचा १२०७ सालचा शिलालेख सांगतो की या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला होता. ते पाटणे आपल्याच चाळीसगावाजवळ आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात रोज एक तास असा असावा की ज्यात नवे काही शिकवायचे नाही. मुलांनी आपली अर्धवट, खोडलेली, चुकलेली गणिते घेऊन यावे. मराठीत विचारावेसे वाटले तर मराठीत विचारावे. आणि मास्तरांनी उत्तर न देता, कुठल्या ओळीवर गाडी रुतली तेवढे शोधून द्यावे. या तासाला फी नसावी आणि हसणाऱ्याला जागा नसावी. पालकांनीही ‘किती मार्क पडले’ या प्रश्नाला थोडी रजा देऊन ‘आज कुठे अडलास’ असे विचारावे.

यासाठी पैसा नाही, असे कोणी सांगू नये. क्लासची फी भरायला तो कुठून येतो, हे घरोघरी ठाऊक आहे. कमतरता आहे ती शरमेची. अडलेल्या मुलाने मान खाली घालावी आणि उत्तर विकणाऱ्याने ताठ मानेने फिरावे, ही आजची रीत आहे. ती उलटी होईल त्या दिवशी गृहपाठाला मदत मिळू लागली, असे मी म्हणेन.