एक घास झोळीवाल्याचा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. वय वर्षं २८, बी.ई. कॉम्प्युटर, ६ वर्षांचा अनुभव, आणि रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद केला की मी बेडरूमपर्यंत जवळजवळ पळत येतो. पाय पांघरुणाबाहेर राहिला तर झोप लागत नाही. पत्रिका मानत नाही, अमावस्या मानत नाही. पण रात्री दोनला लिफ्ट बंद असली की जिना चढताना आईला फोन लावतो. "काही नाही गं, सहज!"

माझं भूत म्हणजे झोळीवाला. 'जेव, नाहीतर झोळीवाला येईल' हे आमच्याकडे ताटातल्या मिठासारखं रोज वाढलं जायचं. तो मुलांना झोळीत घालून नेतो, एवढीच गोष्ट. नेऊन पुढे काय करतो ते कुणीच सांगितलं नाही, त्यामुळे ते काम मी अंथरुणात पडून स्वतःच पूर्ण केलं.

यावर आमच्या काकांचं ठरलेलं उत्तर, "आम्हालाही दाखवलाच की बागुलबुवा, आमचं काय बिघडलं?" काका, तुम्ही अजून पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपता! जरा शिकलेले लोक म्हणतात की अंधाराची भीती उपजतच असते. असेल. अंधार मान्य. पण झोळी कुठल्या जीनमध्ये असते ते मला कुणीतरी दाखवा.

१९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ११ महिन्यांच्या एका बाळासमोर पांढरा उंदीर ठेवायचा आणि बाळानं हात पुढे केला की मागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. थोड्याच वेळात बाळ नुसता उंदीर बघून रडायला लागलं. नंतर सशालाही भ्यायला लागलं, ज्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. आज असला प्रयोग कुणी करू देणार नाही. आपण मात्र रोज जेवणाच्या वेळी करतो, परवानगीशिवाय. (आता म्हणे पोलिसाचा खोटा फोन लावून देणारी अ‍ॅप्ससुद्धा आहेत.)

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी याच्या बरोब्बर उलटं केलं. सशाला घाबरणारा पीटर नावाचा एक छोटा मुलगा होता. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगा सशाला कुरवाळायला लागला. म्हणजे बाईंनी घास भरवून भीती घालवली, आणि आपण भीती घालून घास भरवतो!

'मोठं झाल्यावर जातं सगळं' म्हणणाऱ्यांनी १ जुलै २०१८ आठवावा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या ५ माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. मोबाईलवर अफवा फिरत होत्या हे खरंच. कुणाच्या आजीमुळे हे झालं असं मी म्हणत नाहीये. पण झोळीवाला मुलं नेतो हे आपल्याला पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपनं सांगितलं का?

हे सगळं वाचून माहीत असलेला मी. गेल्या शनिवारी ताईची ४ वर्षांची मुलगी माझ्याकडे राहायला होती. अकरा वाजून गेले तरी झोपेना, सोमवारचं रिलीज माझ्या डोक्यावर... आणि तोंडातून गेलंच, "झोप, नाहीतर झोळीवाला येईल." दोन मिनिटांत चिडीचूप. इतकं स्वस्त आणि हमखास चालणारं काही मी नोकरीतसुद्धा बनवलेलं नाही. लॅपटॉप उघडताना चक्क बरं वाटलं, शप्पथ.

रात्री अडीचला खांद्याला छोटा हात लागला.

"मामा, तो आलाय."

"कुठे?"

"गॅलरीत."

गॅलरीचा पडदा ओढलेला होता. "कुणी नाहीये गं, झोप."

"तू बघितलंच नाहीस."

नव्हतंच बघितलं. उठलो, आधी दिवा लावला, तिला कडेवर घेतलं आणि गॅलरीच्या दारापर्यंत गेलो. पडदा तिनंच बाजूला केला.