राखणीचा डोळा

आमच्या प्रभादेवींतील इमारतीच्या सभासदांची सर्वसाधारण सभा गेल्या महिन्यांत भरली, तेव्हां तींत दोन विषय निघाले. पहिला पाण्याच्या गळक्या टाकीचा. त्यावर दीड तास घनघोर वाद होऊन तो पुढील सभेवर ढकलण्यांत आला. दुसरा विषय मजल्यांवर, जिन्यांत व लिफ्टपाशीं मिळून सोळा सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा. तो तीन मिनिटांत एकमतानें मंजूर झाला. 'एकमतानें' हा शब्द इतिवृत्तांतला आहे; आमचें मत कोणी मोजलेंच नाहीं. आम्हीं उठून इतकेंच विचारलें होतें कीं, ह्या कॅमेऱ्यांत जें दिसेल तें पाहणार कोण? त्यावर सभेंत जो हंशा पिकला त्यावरून, असा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरांत कांहीं तरी लपविण्यासारखें असलें पाहिजे, असा बहुतेकांचा समज झालेला दिसला. त्या हंशाला तेथल्या तेथें उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं. प्राध्यापकास उत्तर सुचतें तें घरीं परतल्यावर. तें येथें देत आहों.

कॅमेरा मुळींच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. १२ मार्च १९९३ रोजीं ज्या शहरांत, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सेंचुरी बाजारापाशीं भर दुपारीं स्फोट होऊन माणसें मेलीं. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र ज्या शहरानें जागून काढली. त्या शहरांत राखणीची थट्टा करणारा मनुष्य मूर्ख तरी असावा किंवा परगांवचा तरी. एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईच्या दाराबाहेर कोण उभें आहे हें परदेशीं असलेल्या मुलास दिसावें, ह्यांत वाईट तें काय? आमचें म्हणणें एवढेंच कीं, कॅमेरा म्हणजे घराला पाडलेली एक नवी खिडकी होय. ती कोणाकडे उघडते व तिची कडी कोणाच्या हातांत आहे, हें पाहिल्यावांचून ती पाडूं नये. आमचे सुशिक्षित शेजारी नेमके ह्या दोन गोष्टी सोडून बाकी सर्व पाहतात. ते किंमत पाहतात, हमी किती वर्षांची तें पाहतात, मेगापिक्सेल मोजतात, आणि मुलाच्या लग्नांत सोनें पारखून घ्यावें तितक्या बारकाईनें डबीचा रंग पारखतात.

आमच्या एका बालमित्रानें सभा संपल्यावर आम्हांस जिन्यांतच गांठलें. "अरे, तूं आणि मी चाळींत वाढलों. कोणाच्या घरांत कोणती भाजी शिजली हें साऱ्या मजल्याला कळे. तेव्हां तुझा हा खाजगीपणा कोठें गेला होता?" असें तो म्हणाला. आक्षेप वजनदार आहे. आमचा जन्म येथल्याच एका गिरणीकामगारांच्या चाळींतला. तेथें दारें निजेपर्यंत उघडीं असत, दुसऱ्या पाळीचे कामगार मध्यरात्रीं परतत व तिसऱ्या पाळीचे सकाळीं, त्यामुळें गॅलरींत कोणी ना कोणी जागें असे, आणि अनोळखी पाऊल वाजलें कीं चार दारांतून "कोण पाहिजे?" असा प्रश्न येई. त्या नजरेचा जाचही आम्ही विसरलों नाहीं. कॉलेजांतून उशिरां परतणाऱ्या मुलीला ती पायांतल्या बेडीसारखी वाटे. तथापि चाळींत जो पाहत असे तो स्वतःही दिसत असे. समोरच्या काकूंनीं आमच्या घरांत डोकावलें, तर त्यांची शेगडी आम्हांसही दिसे. फार झालें तर आमची आई दाराचा पडदा ओढून घेई, आणि त्या पडद्याचा अर्थ काकूंस समजे. शिवाय माणसाची नजर विसरते. यंत्राला डोळा आहे, पण चेहरा नाहीं. तें कोणाच्या वतीनें पाहतें हें कळत नाहीं, आणि पाहिलेलें तें जसेंच्या तसें सांठवून ठेवतें. बेंथम नांवाच्या इंग्रज पंडितानें १७९१ सालीं तुरुंगाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याचें मर्म हेंच होतें कीं, पहारेकऱ्यास कैदी दिसावा, पण कैद्यास पहारेकरी दिसूं नये. त्यानें ही युक्ति कैद्यांसाठीं योजिली होती. आम्ही मात्र ती पदरचे पैसे मोजून आपल्याच बिऱ्हाडांत आणीत आहों!

आतां हा मोह आम्हांस झाला नव्हता असें कोणीं समजूं नये. तीन वर्षांपूर्वीं आम्हींही दोन कॅमेरे आणले; एक दारावर बसविला, दुसरा दिवाणखान्यांत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्याकडे एकोणीस वर्षें काम करीत असलेली बाई दिवाणखान्याच्या उंबऱ्यांत थबकली व वर पाहून म्हणाली, "वहिनी, हा माझ्यासाठीं बसवलाय का?" आमच्या घरांतून उत्तर आलें कीं, छे, छे, हा चोरासाठीं आहे. परंतु चोर दिवाणखान्यांत रोज येत नाहीं. रोज येणारी तीच एक होती. एकोणीस वर्षें कपाटाच्या किल्ल्या जिच्यासमोर पडून असत, तिच्यावर आम्हीं एका संध्याकाळच्या खरेदीनें संशय घेतला, आणि तो संशय भिंतीवर टांगून ठेवला. कोणी म्हणेल कीं, जिच्या मनांत पाप नाहीं तिनें भिण्याचें कारण काय? न्हाणीघराचें दार सर्वच माणसें लावतात. तीं आंत चोरी करीत असतात म्हणून लावीत नाहींत. काम करतां करतां घटकाभर टेकणें, घाम पुसतांना पदर सरकणें, स्वतःशींच पुटपुटणें, ह्या गोष्टी कोणाच्याही दृष्टीआड असाव्यात, एवढा मान मोलकरणीलाही हवा असतो.

हें झालें खिडकीच्या तोंडाविषयीं. कडीची कथा ह्याहून लाजिरवाणी आहे. कॅमेरे बसविण्यास जो तरुण आला होता तो चुणचुणीत होता. त्यानें वीस मिनिटांत काम उरकलें. सोय म्हणून खातें स्वतःच्याच मोबाइल क्रमांकावर उघडलें, त्यांतून आम्हां दोघांस पाहण्याची परवानगी दिली, आणि परवलीचा शब्द म्हणून आमच्या आडनांवापुढें १२३ हे आंकडे जोडून म्हणाला, "काका, हा सोपा आहे, विसरायचे नाहींत." आम्ही खरोखरच विसरलों नाहीं. आठ महिन्यांनीं चित्र बंद पडलें म्हणून दुसऱ्या एका गृहस्थास बोलाविलें. त्यानें यादी उघडून विचारलें, "सर, तुमचें घर तीन फोनांवर दिसतंय. एक तुमचा, एक बाईसाहेबांचा. तिसरा कोणाचा?" तिसरा त्या तरुणाचा होता. त्यानें आमच्या घरांत एकदांही डोकावलें नसेल. आम्ही त्याच्यावर आरोप करीत नाहीं. पण त्या आठ महिन्यांत आमच्या सासूबाईंचें आजारपण त्याच दिवाणखान्यांतल्या खाटेवर पार पडलें होतें. त्यांना कपडे बदलतांना, पुसून घेतांना कोणीं पाहिलें नसेलच, असें आज आम्ही छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. घराचें कुलूप बसविणाऱ्या सुतारानें एक किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवली असती, तर आम्हीं त्यास जिन्यांतून खालीं लोटलें असतें. ह्यास मात्र आम्हीं चहा पाजला!

हा आमच्या एकट्याचा अडाणीपणा असता, तर त्याचें प्रदर्शन मासिकांत मांडण्याचें कारण नव्हतें. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या एका उपद्व्यापी प्रोग्रॅमनें जगभरचे लक्षावधि कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर आपल्या ताब्यांत घेतले. त्यासाठीं त्यास फारशी विद्या लागली नाहीं. कारखान्यांतून निघतांना ह्या वस्तूंना जीं ठराविक नांवें व परवलीचे शब्द दिलेले असतात, त्यांच्या साठ-बासष्ट जोड्या तो एकामागून एक घालून पाही, आणि घरधन्यानें त्या बदललेल्या नसल्यानें दार उघडे. अशा बाटलेल्या यंत्रांची फौज घेऊन २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं एका अमेरिकन कंपनीवर हल्ला झाला, आणि कित्येक मोठीं संकेतस्थळें तासचे तास बंद पडलीं. मूळ प्रोग्रॅम रचणाऱ्या तीन तरुणांनीं पुढल्या वर्षीं डिसेंबरांत न्यायालयांत गुन्हा कबूल केला. घरोघरचे राखणदार दिवसा मालकाच्या दारांत उभे राहून रात्रीं दरोडेखोरांच्या टोळींत जात होते, असा ह्याचा साध्या मराठींत अर्थ.

अमेरिका दूर आहे म्हणावें, तर राजकोट दूर नाहीं. तेथील एका प्रसूतिगृहांत तपासल्या जाणाऱ्या स्त्रियांचीं चित्रें कॅमेऱ्यांतून चोरून विकलीं जात असल्याचें फेब्रुवारी २०२५ मध्यें उघडकीस आलें. अहमदाबादच्या पोलिसांनीं जे आरोपी पकडले त्यांत लातूर व सांगली ह्या आमच्याच महाराष्ट्रांतल्या जिल्ह्यांतले तरुण होते. त्या कॅमेऱ्यांचा परवलीचा शब्द 'ॲडमिन१२३' हा होता, असें पुढें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. तें वाचून आम्हांस आमच्या आडनांवापुढले आंकडे आठवले व घांस घशांत अडकला.

"ह्याची काळजी सरकार घेईल," असें म्हणून कूस बदलणाऱ्या सभ्य गृहस्थांची आमच्यांत वाण नाहीं. सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत तपासणी झाल्यावांचून ते विकण्यास मनाई झाली आहे; तेव्हां विकत घेतांना ती तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें दुकानदारास विचारणें हा आपला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. एका घरांत राहणाऱ्या दोन भावांच्या तंट्यांत, राहत्या भागांत दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीवांचून कॅमेरे चालवितां येणार नाहींत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयानें २०२५ सालीं दिला, व सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांत हात घालण्याचें नाकारलें. परंतु वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा २०२३ सालीं झाला, तो एकाद्या व्यक्तीनें स्वतःच्या घरगुती कामासाठीं ठेवलेल्या माहितीस लागूच होत नाहीं. म्हणजे उंबऱ्याच्या आंत कायदा घरधन्यावर विश्वास टाकून परत फिरतो. त्या विश्वासास घरधनी पात्र आहे काय, हाच खरा प्रश्न आहे.

बरें, इतकें सर्व सोसून राखण तरी पुरी होते काय? आमच्या समितीनें मंजूर केलेल्या अंदाजपत्रकांत सोळा कॅमेरे व एक टेराबाइटची एक हार्ड डिस्क आहे. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदास सुमारें दोन मेगाबिट लिहितो असें धरलें, तर अखंड चालल्यास दिवसाला एकवीस-बावीस गिगाबाइट होतात. सोळा कॅमेऱ्यांचे सुमारें ३४५ झाले. म्हणजे तिसऱ्या दिवशीं डिस्क भरली, आणि यंत्र जुनें पुसून नवें लिहूं लागलें. गणपतीसाठीं आठ दिवस कोंकणांत गेलेल्या बिऱ्हाडांत पहिल्याच रात्रीं चोरी झाली, तर मंडळी परत येईपर्यंत चोराचें चित्र पुसलें जाऊन त्यावर लिफ्टची वाट पाहणारे सभासद उमटलेले असतील. हा भागाकार शाळेंतल्या मुलालाही येतो. सभेंतल्या एकाही इंजिनिअरानें तो केला नाहीं.

टीका करणाऱ्यानें उपाय सांगावा, हा दंडक आम्हांस मान्य आहे. म्हणून आम्हीं स्वतः काय केलें तें सांगतों. दिवाणखान्यांतला कॅमेरा त्याच आठवड्यांत उतरविला. दारावरचा खालीं वळविला, आणि समोरच्या बिऱ्हाडाचें दार जेथें दिसे तेथें यंत्रांतच काळी पट्टी घातली. मग त्या गृहस्थांस घरीं बोलावून ती दाखविली. चित्र परक्याच्या गोदामांत न धाडतां घरांतल्याच रेकॉर्डरवर तारेनें नेलें, व दहा दिवसांनीं पुसलें जाईल असें ठरविलें. राउटरचा कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द बदलला. बाहेरून त्याची घडी मोडण्याची जी सोय असते ती बंद केली. कॅमेऱ्यास घरच्या संगणकापासून व फोनांपासून वेगळें जाळें दिलें. खातें आमच्या नांवें उघडलें आणि त्यास दुहेरी पडताळा लावला, म्हणजे नुसता परवलीचा शब्द चोरून भागत नाहीं. नवें सॉफ्टवेअर आलें कीं तें महिन्याच्या पहिल्या रविवारीं भरतों. वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून एक लहान बॅटरी बसविली. ह्यांत एक रविवार गेला व थोडी पदरमोड झाली. विशेष बुद्धि लागली नाहीं.

इमारतीसाठीं आमची मागणी ह्याहून अधिक नाहीं. कोणताही कॅमेरा कोणाच्या दाराच्या आंत पाहणारा नसावा; चित्र पाहण्याचा अधिकार कोणास आहे त्यांचीं नांवें सूचनाफलकावर लावावीं; कोणीं केव्हां व कशासाठीं पाहिलें ह्याची वही असावी, आणि ती कोणाही सभासदास, तशीच इमारतींत काम करणाऱ्या माणसांस पाहावयास मिळावी; बसविणाऱ्या कंत्राटदाराचा प्रवेश काम संपतांच बंद करावा; आणि डिस्क निदान पंधरा दिवस पुरेल एवढी घ्यावी. जो पाहतो तोही दिसला पाहिजे, हा चाळीचा कायदा होता. चाळी पडल्या व त्यांच्या जागीं मनोरे उठले, म्हणून तो रद्द झाला असें आम्ही मानीत नाहीं.

आमची बाई अजून येते. कॅमेरा उतरविला त्या दिवशीं भिंतीला पडलेल्या दोन भोंकांकडे तिनें पाहिलें, पण ती कांहीं बोलली नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. तीं भोंकें आम्हीं अद्याप बुजविलेलीं नाहींत. पुढील सभेंत टाकीचा विषय पुन्हां निघेल, तेव्हां आमचा प्रश्नही पुन्हां निघेल. हंसणारांनीं त्या वेळीं पुन्हां हंसावें. फक्त हंसण्यापूर्वीं आपापल्या घरच्या कॅमेऱ्याचें खातें उघडून, त्यांत किती फोन आहेत तेवढें मोजून यावें.