व्हॅनच्या पाठीला डोळा

सकाळी साडेसहाच्या सुमारास गल्लीत एक ठरलेला आवाज उठतो. ‘‘येऊ द्या... येऊ द्या... थोडी डावीकडे... येऊ द्या... बस्स!’’ लादीपाव भरायला आलेली बंद व्हॅन बेकरीच्या दाराकडे मागे घेतली जात असते आणि बेकरीतला पोऱ्या तिच्या मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारत असतो. हलक्या थापा म्हणजे या, एक जोरदार थाप म्हणजे थांबा. त्याच वेळी समोरच्या घरातून कुणाच्या तरी आजीची हाक येते, ‘‘अगं, पोरांना आधी आत घे, गाडी काढताहेत!’’ इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, हे दृश्य सगळीकडे सारखेच.

ही सारी व्यवस्था दोन माणसांवर उभी आहे. एक तो पोऱ्या आणि दुसरी ती आजी. पोऱ्या एक दिवस रजेवर जातो, आजी देवळात गेलेली असते, आणि व्हॅन मात्र रोजच्या वेळेला मागे घ्यावीच लागते.

घरगुती धंद्यात अशा बंद गाड्यांची संख्या मोठी आहे. केटरिंग, लाँड्री, औषधांचे वाटप, फुले, केक, मंडपाचे सामान. खिडक्यांच्या काचांच्या जागी पत्रा असला की माल उन्हापासून वाचतो, चोराला आत काय आहे ते दिसत नाही आणि पत्र्यावर दुकानाचे नावही रंगवता येते. या सोयीची किंमत मात्र चालकाला मोजावी लागते. समोरच्या काचेजवळचा आतला आरसा निकामी होतो, त्यात फार तर पावाचे क्रेट दिसतात. उरतात दोन बाजूंचे आरसे, आणि ते दाखवतात गाडीच्या बगला. पाठ दाखवत नाहीत.

न दिसणारी ही जागा केवढी असते, हे पाहण्यासाठी एक घरगुती कसोटी आहे. व्हॅन मोकळ्या जागेत उभी करावी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. घरातल्या एका मोठ्या माणसाने मागच्या बंपरच्या मधोमध उभे राहावे आणि तेथून सरळ मागे चालत जावे. चालकाने आपल्या जागेवर बसून आरशांत पाहत राहावे आणि माणूस दिसला की हाक द्यावी. मागे जाणारा माणूस पावलामागून पाऊल टाकत राहतो आणि हाक काही येत नाही. दोन्ही आरशांतून निघणारी नजर गाडीच्या मागच्या कोपऱ्यांना घासून पुढे जाते. त्यामुळे पाठीमागे लांबवर निमुळती होत गेलेल्या पाचरीसारखी एक जागा दोन्ही आरशांच्या तावडीतून सुटते.

साध्या मोटारीत मागच्या काचेखालचे लहान मूल दिसत नाही, पण उभा माणूस दिसतो. बंद व्हॅनमागे मात्र सहा फुटी माणूसही नाहीसा होतो. पोऱ्या पत्र्यावर थापा मारतो तो याचसाठी. तो चालकाला दिसतच नसतो. थाप ऐकू येते आहे तोवर तो आहे. थाप थांबली, तर तो बाजूला झाला की घसरून पडला, हे चालकाला कळण्याचा मार्ग नाही.

यावर तोडगा म्हणून मागे कॅमेरा लावण्याची कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत १९५६ साली ब्यूक कंपनीने ‘सेंच्युरियन’ नावाची एक नमुना मोटार प्रदर्शनात मांडली होती. तिच्यात आरशाऐवजी मागे टेलिव्हिजनचा कॅमेरा आणि पुढे छोटा पडदा होता. लोकांनी ती नवलाई म्हणून पाहिली आणि विसरून गेले. कॅमेरा चैनीच्या यादीतून गरजेच्या यादीत आला, तो फार उशिरा आणि एका दुःखामुळे.

२००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एक बालरोगतज्ज्ञ रात्री आपली मोठी गाडी मागे घेत घराच्या आवारात आणत होते. ते आरशांत पाहत होते, खांद्यावरून मागेही पाहत होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा घरातून बाहेर आला होता. तो त्यांना दिसला नाही. मुलांवर उपचार करण्यात आयुष्य घालवणाऱ्या बापाच्या हातून हे घडावे! पुढे या बापाने आणि अशाच इतर आईबापांनी सरकारकडे पाठपुरावा केला. २००८ मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, प्रत्यक्ष नियम यायला २०१४ उजाडले, आणि १ मे २०१८ पासून अमेरिकेत सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा चालकाला दिसली पाहिजे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आले पाहिजे, असे तो नियम सांगतो.

नियम करताना तेथील वाहतूक सुरक्षा खात्याने दिलेले आकडे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून दरवर्षी सरासरी २१० माणसे मरत होती आणि १५ हजार जखमी होत होती. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांच्या आतली मुले आणि २६ टक्के सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली माणसे. म्हणजे निम्म्याहून अधिक बळी घरातल्या सर्वांत लहानांचे आणि सर्वांत थोरांचे. अंगणात ज्यांचा वेळ अधिक जातो, तीच ही माणसे.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींना मागच्या अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. कॅमेऱ्याची सक्ती त्यात नव्हती. शिवाय त्याआधीच्या हजारो व्हॅन अजून रस्त्यावर आहेत. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, पण तिची धाव काही थांबलेली नाही. ‘पीं पीं’ करणारा सेन्सर उपयोगी आहे यात शंका नाही. मात्र मागे काहीतरी आहे एवढेच तो सांगतो. तुळशीवृंदावनाला आणि रांगत्या बाळाला तो एकाच सुरात ओरडतो, आणि रोज वृंदावनासाठी ओरडणाऱ्या सेन्सरकडे चालकाचे हळूहळू दुर्लक्ष होऊ लागते. गाणे वाजवणाऱ्या रिव्हर्स हॉर्नची तर कथाच निराळी. पोरांनी दूर व्हावे म्हणून तो बसवायचा, आणि गाणे ऐकून पोरे धावत यायची!

जुन्या व्हॅनला बाहेरून कॅमेरा बसवता येतो. कॅमेरा, छोटा पडदा आणि वायर असा साधा संच चार आकडी रकमेत येतो आणि गाड्यांची वायरिंग करणारा कारागीर तो काही तासांत बसवून देतो. काम अवघड नाही, पण बिघडते ते जागेच्या निवडीत. पुष्कळदा कॅमेरा क्षितिजाकडे रोखून बसवला जातो. पडद्यावर लांबचा रस्ता, झाडे, आकाश असे सुंदर चित्र येते, मालकही खूश होतो. पण मूल क्षितिजावर नसते, ते बंपरला टेकून चेंडू शोधत असते. म्हणून बंद व्हॅनवर कॅमेरा शक्यतो उंच, मागच्या दाराच्या वर मधोमध लावावा आणि खाली इतका झुकवावा की पडद्याच्या तळाशी आपल्याच बंपरची कड दिसेल. ती कड दिसत नसेल, तर कॅमेरा आणि गाडी यांच्यामध्ये एक पट्टी अजून आंधळी आहे असे समजावे. नंबर प्लेटजवळ खाली लावलेला कॅमेराही चालतो, मात्र पावसाळ्यात चिखल सर्वांत आधी त्याच्यावर उडतो. तेथे लावलाच तर नंबर झाकला जाता कामा नये.

वर उचलून उघडणारे दार असेल तर आणखी एक पेच येतो. दारावर लावलेला कॅमेरा दाराबरोबर वर जातो आणि त्याची वायर बिजागरीपाशी रोज वाकते. ती तेथील रबरी नळीतूनच, थोडी ढील ठेवून न्यावी. जागा असेल तर कॅमेरा दाराऐवजी वरच्या चौकटीवर लावणे उत्तम. पत्र्याला भोक पाडले की त्याच्या कडेला लगेच गंजरोधक रंग लावावा, भोकात रबरी कडे बसवावे आणि मगच वायर ओवावी. उघड्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. गाडीच्या हादऱ्यांनी वायरचे कवच कापले गेले, तर कॅमेरा बंद पडतोच, शिवाय शॉर्टसर्किटचा धोका राहतो. वरून सिलिकॉन भरले की पावाच्या क्रेटवर पाणी ठिबकत नाही.

वीज कोठून घ्यायची? नेहमीची रीत म्हणजे मागच्या रिव्हर्स लाइटच्या वायरवरून. रिव्हर्स गिअर टाकला की दिवा लागतो, त्याच विजेवर कॅमेरा जागा होतो आणि पडदा उजळतो. त्याआधी रिव्हर्स लाइट मुळात लागतो का, हे पाहून घ्यावे. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सवरचा त्याचा स्विच निकामी झालेला असतो आणि दोष नव्या कॅमेऱ्याला दिला जातो. पडद्यासाठीची वीज किल्ली फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या वायरवरून, मध्ये फ्यूज घालून घ्यावी. थेट बॅटरीवर जोडले तर एखाद्या सकाळी व्हॅनला धक्का मारावा लागेल. लहान व्हॅन बारा व्होल्टच्या असतात. मोठ्या ट्रकची चोवीस व्होल्टची वीज बारा व्होल्टच्या कॅमेऱ्याला दिली तर तो जळून जातो.

बिनवायरचे संचही मिळतात. पण बंद व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबाच. त्यातून लहरी नीट जात नाहीत, चित्र अडखळते किंवा क्षणभर मागे राहते. गाडी मागे घेताना क्षणभर शिळे चित्र काय कामाचे? येथे वायरचाच संच घ्यावा.

काही चालकांना मागचे दृश्य गाडी पुढे जात असतानाही हवे असते. आतला आरसा गेलाच आहे, तेव्हा ही मागणी रास्त आहे. त्यासाठी कॅमेऱ्याला रिव्हर्स लाइटऐवजी किल्लीबरोबर सुरू होणारी वीज द्यावी लागते आणि तसा पडदा निवडावा लागतो. कारागिराला हे काम सुरू होण्याआधी सांगावे, नंतर सांगितले तर सगळी वायर पुन्हा ओढावी लागते. त्या पडद्यावर कॅमेऱ्याखेरीज सिनेमा, गाणी असे काहीही येणार नाही, असाच पडदा बरा.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी पडताळाव्यात. पहिली, डावे-उजवे. चित्र आरशासारखे उलटे असायला हवे. गाडीच्या डाव्या कोपऱ्याशी उभा राहिलेला माणूस पडद्यावरही डावीकडेच दिसला पाहिजे. तो उजवीकडे दिसत असेल तर चालक नेमका चुकीच्या बाजूला चाक फिरवील. बहुतेक कॅमेऱ्यांत हे बदलण्याची सोय असते, पण ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दुसरी, पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा. त्या कारखान्यात आखलेल्या असतात, त्यांना या व्हॅनची उंची ठाऊक नसते. जमिनीवर बंपरपासून एक मीटर अंतरावर खडूने रेघ ओढावी आणि ती पडद्यावर कोठे येते ते डोक्यात बसवावे. रुंद कोनाच्या भिंगातून जवळची वस्तू असते त्याहून दूर भासते. खडूची रेघ खरे बोलते, लाल रेघ बोलेलच असे नाही.

मग एक बादली आणावी. रांगत्या किंवा खाली बसलेल्या मुलाच्या उंचीची हीच सर्वांत जवळची वस्तू. ती उपडी करून आधी बंपरला चिकटवून, मग डाव्या कोपऱ्याशी, मग उजव्या कोपऱ्याशी, मग पाच फूट मागे अशी ठेवत जावी आणि दर वेळी चालकाने ती पडद्यावर बोटाने दाखवावी. एखाद्या कोपऱ्यात बादली हरवली, तर कॅमेऱ्याचा कोन तेथेच उभे राहून बदलून घ्यावा. हीच कसोटी अंधार पडल्यावर एकदा करावी. जुन्या व्हॅनचे रिव्हर्स लाइट इतके मिणमिणते असतात की, रात्री पडद्यावर नुसता करडा धूर दिसतो. तेव्हा दिव्याची काच बदलणे किंवा चांगला बल्ब घालणे भाग पडते.

कॅमेरा लागला की एक नवाच धोका घरात शिरतो. आजी पोरांना आत घेणे सोडते, चालक गाडीभोवती फेरी मारणे सोडतो आणि पोऱ्याला वाटते, आता आपले काम संपले. पडदा मागचे दाखवतो. बाजूने धावत येणारे मूल चित्रात शिरते तेव्हा फार थोडा वेळ उरलेला असतो. मावळतीचे ऊन थेट भिंगावर आले की पडदा पांढरा होतो, आणि पावसात भिंगावरचा एकच थेंब अर्धे अंगण पुसून टाकतो. म्हणून गाडीत बसण्याआधीची फेरी चालूच ठेवावी, आणि त्या फेरीतच ओल्या फडक्याने भिंग पुसून घ्यावे.

पोऱ्याची जागा मात्र बदलावी. त्याने गाडीच्या पाठीमागे उभे राहायचे नाही. चालकाच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यापासून दोन पावले बाहेर, उजव्या आरशात त्याचा चेहरा दिसेल असे उभे राहायचे. चेहरा आरशातून गेला की चालकाने ब्रेक दाबायचा, थापेची वाट पाहायची नाही. ‘‘येऊ द्या, येऊ द्या’’ त्याने खुशाल म्हणावे, गल्लीला त्याची सवय आहे.