फुकटचा सर्व्हर आणि हरवलेली यादी

२०२२च्या ऑगस्टमध्ये हेरोकूने जाहीर केलं की त्यांची फुकट योजना २८ नोव्हेंबरपासून बंद. बातमी वाचली तेव्हा मी जरा हळहळलो आणि विसरलो. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाची यादी हेरोकूवर नव्हती, दुसऱ्याच एका फुकट सेवेवर होती. दीड हजार पुस्तकं, मराठी, उर्दू, हिंदी. पोरांनी दोन सुट्ट्या बसून टाइप केलेली. पुढे तीही सेवा बंद पडली. सूचनेचा ईमेल आला होता, पण ज्या पत्त्यावर आला तो वर्षभर कुणी उघडलाच नव्हता. यादी गेली. बॅकअप नव्हता, म्हणजे निम्मी चूक माझीच.

हेरोकूला शिव्या घालणं मला जमणार नाही. २००७ साली सुरू झालेल्या या कंपनीने एक मोठी भीती घालवली. त्याआधी वेबसाइट चालू करायची म्हणजे अपाचीच्या फायली चाळत रात्र जायची. हेरोकूवर 'गिट पुश' केलं की अ‍ॅप चालू. अर्धा तास कुणी फिरकलं नाही तर ते झोपी जायचं आणि पुढचा पाहुणा ताटकळत बसायचा, पण फुकटात एवढं चालतं. बंद करताना गैरवापराचं कारण दिलं गेलं. पैसा त्यांचा, दुकान त्यांचं.

माझी तक्रार आपल्या शिकवण्याबद्दल आहे. आज मुलं रिअ‍ॅक्ट शिकतात, मग नेक्स्ट जेएस, मग व्हर्सेलवर एक बटण दाबतात आणि लिंक बायोडेटात टाकतात. अ‍ॅप कुठे चालतं विचारलं की उत्तर येतं, 'क्लाउडवर'. डेटाबेस कुठे आहे, त्याची प्रत कशी घ्यायची, बंद पडलं तर लॉग कुठे बघायचा? शांतता. कोर्सवाल्यांनी हा भाग गाळलाच आहे, कारण त्याचा व्हिडिओ आकर्षक होत नाही.

आणि फुकट म्हणजे कायम फुकट असंही नाही. २०२४च्या फेब्रुवारीत नेटलिफायवरच्या एका साध्या साइटला १,०४,५०० डॉलरचं बिल आलं. एका गाण्याच्या फाइलवर अचानक ट्रॅफिक कोसळली, एवढंच निमित्त. प्रकरणाचा गवगवा झाल्यावर ते माफ झालं. ज्याचा गवगवा होत नाही त्याचं काय? आपल्या हिशेबात ही रक्कम ८० लाख रुपयांहून जास्त होते.

उलटा वाराही सुटला आहे. ३७सिग्नल्सने २०२२मध्ये क्लाउड सोडायचं ठरवलं, पुढच्या वर्षी त्यांनी कमाल नावाचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं: स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरमधून अ‍ॅप चढवायचं. छान आहे. पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी अनुभवी माणसं आहेत. वाचनालयाकडे मी आहे, तोही रविवारी. म्हणून सगळ्यांनी क्लाउड सोडा असं मी म्हणणार नाही. व्हर्सेल वापरा, खुशाल वापरा, फक्त एकदा तरी भाड्याच्या छोट्या लिनक्स सर्व्हरवर हाताने एक अ‍ॅप उभं करा, मुद्दाम मोडा आणि बॅकअपमधून परत आणा.

नवी यादी आता अशाच सर्व्हरवर आहे, एसक्यूलाइटच्या एका फाइलीत. तिची प्रत दर रविवारी माझ्या घरच्या संगणकावर उतरते. नऊशे नोंदी झाल्या आहेत. उरलेल्या सहाशेंसाठी पोरं पुन्हा बसायला तयार नाहीत, आणि त्यांना काय तोंडाने सांगू?