सातबारा त्याचा, मोबाईलही त्याचाच

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि वैनगंगेकाठची कित्येक गावे उठली. त्या गावांत धानाची रोवणी करणारे हात बहुतांशी स्त्रियांचे होते. मोबदला मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याला मिळाला. राबणारीचे नाव कागदावर नव्हते, म्हणून ती हक्कातही नव्हती.

आज तोच अन्याय नव्या रूपाने घडत आहे. सरकारचे दार आता मोबाईलच्या पडद्यावर उघडते. तेथवर पोहोचणाऱ्या स्त्रिया किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष सुमारे ६१ टक्के, तर स्त्रिया ३८ टक्के; ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण पाव हिश्शाच्याही आत. शेजारच्या गोव्यात मात्र सुमारे ७३ टक्के स्त्रियांनी ते वापरलेले होते. हा फरक बुद्धीचा खचितच नाही. तो साधनांच्या मालकीचा आणि प्रादेशिक विषमतेचा आहे.

‘लाडकी बहीण’ योजनेत २०२५ साली ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा स्त्रीच्या आधारबरोबर पतीच्या किंवा पित्याच्या आधारचीही पडताळणी मागण्यात आली. दीड हजार रुपये बहिणीचे, पण किल्ली घरातील पुरुषाच्या खिशात! विधवा व परित्यक्ता यांनी कोणाचा ओटीपी आणावा, हा प्रश्न सरकारला ओरड झाल्यावर सुचला.

बायकांना यंत्राचे वावडे आहे, असे म्हणणाऱ्यांनी २०२१ सालचे अंगणवाडी सेविकांचे आंदोलन आठवावे. निकृष्ट मोबाईल त्यांनी सरकारच्या दारात परत नेऊन टाकले आणि पोषण ट्रॅकर मराठीतून हवा, अशी मागणी केली. त्यांचा नकार यंत्राला नव्हता, अपमानाला होता.

डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले. ते भाषणापुरते ठेवायचे नसेल, तर कार्यकर्त्यांनी धरणग्रस्तांच्या पुनर्वसित वसाहतींपासूनच कामाला लागावे. प्रत्येक योजनेचा अर्ज ग्रामपंचायतीत कागदावरही स्वीकारला जावा, कोणत्याही स्त्रीचा हक्क पुरुषाच्या ओटीपीवर अवलंबून नसावा आणि मोबाईल वापरण्याचे शिक्षण गावातच, मराठीतून मिळावे, असे ठराव ग्रामसभांतून झाले पाहिजेत. सातबाऱ्यावर नाव लावण्याची लढाई अजून संपलेली नाही. तिच्याच जोडीने ही दुसरी लढाई आता लढावी लागेल.