झारीतल्या शुक्राचार्याची बाजू

आज पाडवा. भिलाईजवळच्या जामुलच्या गल्ल्यांत सकाळपासून शेणाचा वास आहे आणि आज तो सणाचा वास आहे. छत्तीसगढी घरांच्या अंगणात शेणाचा गोवर्धन बसला आहे, गुरांसाठी खिचडी शिजते आहे. थोड्या वेळानं राऊत येतील, गाईंच्या गळ्यात पळसाच्या मुळांची सोहई बांधतील, दोहे म्हणत नाचतील. त्याच ओळीतल्या दोन-चार मराठी घरांत तेच शेण घेऊन बायकांनी बळी मांडला आहे. गोठा एकच, पण शेणाचा एका दारात डोंगर होतो आणि दुसऱ्या दारात राजा. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं आमच्या घरात म्हटलं गेलं, तेव्हा शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, “काकर राज आही?” कोणाचं राज्य येणार?

दरवर्षी या प्रश्नाला आम्ही पुराण सांगून उत्तर देतो. यंदा त्याआधी एक विज्ञान कादंबरी आठवली, कारण ती लिहिणारा माणूस नसतानाचा हा पहिला पाडवा आहे. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. कोल्हापुरात जन्मलेला, वडिलांच्या प्राध्यापकीमुळे बनारसमध्ये वाढलेला हा माणूस आम्हा बृहन्महाराष्ट्रातल्या लोकांना नेहमीच थोडा जास्त आपला वाटला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव. हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या मोठेपणाचं वजन तराजूत पडू नये म्हणून इतका खटाटोप करणाऱ्या लेखकानं पुढे सत्तेवरची कादंबरी लिहावी, हे जुळून येतं.

ती कादंबरी म्हणजे १९८६ची ‘वामन परत न आला’. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरजवळ एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खोदकाम चालू असताना अतिप्राचीन, पण आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीनं पुरून ठेवलेला ठेवा हाती लागतो. त्यातलं ज्ञान उलगडत उलगडत शास्त्रज्ञ एक यंत्रमानव तयार करतात. त्याचं नाव वामन. तो हुशार आहे, आज्ञाधारक आहे, उपयोगाचा आहे. पुढे त्याला आपल्यासारखे आणखी घडवायची मुभा हवी असते. तो ठेवा पुरणारी माणसं कशानं संपली, हे कळेपर्यंत वाचकाच्या घशाला कोरड पडलेली असते. सरकारी गुप्तता, हेरगिरी, पळवापळवी हे सगळं कादंबरीत आहे आणि ते वेगानं वाचून होतं. मागे उरते ती एक साधी गोष्ट. सत्ता तलवार घेऊन येत नाही, ती छत्री-कमंडलू घेऊन येते आणि थोडंसंच मागते. तीन पावलं जमीन. एवढ्याशा दानाला नाही म्हणणं दात्याला लाजिरवाणं वाटावं, इतकं थोडं.

पण वामन हे नाव घेतलं की त्याच्याबरोबर बरंच काही येतं. महात्मा फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त ही कथा उलटी करून दाखवली. त्यांचा बळी हा कष्टकऱ्यांचा राजा, आणि वामन त्याचं राज्य बळकावणारा परका. शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणताना आपण फुल्यांची ही दिशा नकळत पत्करलेली असते. नारळीकरांना त्या वादात शिरायचं नव्हतं. आधी लहान दिसणारं आणि मग त्रिभुवन व्यापणारं रूप त्यांना हवं होतं, ते त्यांनी घेतलं. इथेच कादंबरीशी आमचं थोडं भांडण आहे. तिच्यात बळी एकच आहे, अखंड मानवजात. चुकलो तर सगळे चुकलो, वाचलो तर सगळे वाचलो. निर्णय शास्त्रज्ञ घेतात, सरकार घेतं. गौरीबिदनूरच्या त्या खड्ड्यातली माती उपसणाऱ्या हातांना वामनाबद्दल काय वाटतं, हे कोणी विचारत नाही.

पुराणातल्या बळीनं दान दिलं आणि पाताळातही तोच गेला. म्हणूनच तो मोठा. आमच्या काळात दान सोडणारा एक असतो आणि पाताळात जाणारा दुसरा.

‘रोबो’ हा शब्दच पाहा. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२०च्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर गेला. मूळ चेक शब्द ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. आपण ज्याला चकचकीत भविष्याचं नाव समजतो ते वेठबिगाराचं नाव आहे. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ १९६५ साली आली. तिच्या जगात विचार करणारी यंत्रं बाळगायला बंदी आहे. यंत्रं वाईट म्हणून ती बंदी घातलेली नाही. माणसांनी विचार करायचं काम यंत्रांकडे दिलं आणि यंत्रं ज्यांच्या मालकीची होती ते सगळ्यांचे मालक झाले, हा तिथला इतिहास आहे. नारळीकरांचा वामन स्वतःच्या इच्छेनं वाढू पाहतो. हर्बर्टना भीती होती ती वामनाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची. जामुलमध्ये बसून वाचताना आम्हाला दुसरी भीती जास्त ओळखीची वाटते.

त्याच १९६५ साली जामुलला सिमेंटचा कारखाना उभा राहिला. भिलाईच्या झोतभट्ट्यांतून लोखंडाबरोबर निघणारा स्लॅग टाकायचा कुठे, तर त्याचं सिमेंट करायचं, असा तो हिशेब होता. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल, अतिशय शहाणी व्यवस्था. या व्यवस्थेत पोती उचलणारा, सांडलेली पूड झाडून गोळा करणारा माणूस मात्र कंपनीचा नव्हता, ठेकेदाराचा होता. वीस वर्षं एकाच फाटकातून आत जाऊनही तो ‘बाहेरचा’ राहिला. १९९०च्या सुमारास हे ठेका मजूर शंकर गुहा नियोगींच्या लाल-हिरव्या झेंड्याखाली आले. त्यांच्या संघटनेनं पुढे तक्रार नेली ती थेट स्वित्झर्लंडपर्यंत, कारण मधल्या काळात कारखान्याची मालकी तिथे पोचली होती. २०१६ साली तडजोड झाली. २०२२ साली मालक पुन्हा बदलले. धूळ तीच आहे.

नियोगी हे प्रकरण आज तरुण वाचकांना माहीत नसेल. भिलाईच्या पोलाद कारखान्यातला हा कामगार पुढे दल्ली-राजहराच्या लोहखाणींत गेला. तिथे हातानं खनिज फोडून ट्रक भरणारे हजारो स्त्री-पुरुष ठेक्यावर होते. १९७७ साली त्यांची संघटना झाली आणि त्याच वर्षी गोळीबारही झाला. मग कारखान्यानं ठरवलं की खाणीत मोठी यंत्रं आणायची. इथे नियोगींनी जे केलं ते कुठल्याही विज्ञान कादंबरीत शोभावं. ते यंत्र फोडायला गेले नाहीत. ते कागद घेऊन बसले. कोणत्या टप्प्यावर यंत्र असावं, कोणत्या टप्प्यावर हात असावेत, टनामागे खर्च किती, माणसं किती, याचा मजुरांनीच मांडलेला आराखडा त्यांनी समोर ठेवला. त्याला ते अर्ध-मशीनीकरण म्हणत. दल्लीतलं पूर्ण यांत्रिकीकरण या लढ्यानं बरीच वर्षं थोपवून धरलं. १९८३ साली याच मजुरांनी स्वतःच्या पैशांतून आणि श्रमांतून शहीद हॉस्पिटल उभं केलं, ते आजही चालू आहे. पावलं मोजून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मराठीत ‘झारीतला शुक्राचार्य’ ही शिवी आहे. चांगल्या कामात आतून अडथळा आणणारा. वाक्प्रचार इतका रुळला आहे की शुक्राचार्य झारीत शिरला कशासाठी, हेच आपण विसरलो. तो बळीचा गुरू होता. हा बटू दिसतो तेवढा लहान नाही, हे दरबारात फक्त त्याला कळलं होतं. आधी त्यानं तोंडानं सांगितलं. कोणी ऐकेना, तेव्हा दानाचं पाणी पडू नये म्हणून तो झारीच्या तोटीत जाऊन बसला. वामनानं दर्भाची काडी खुपसली, शुक्राचार्याचा डोळा गेला आणि वर पिढ्यान्‌पिढ्या बदनामी आली. नियोगींनाही ‘विकासाच्या आड येणारे’ म्हणत. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईत, घरात झोपेत असताना, खिडकीतून गोळी घालून त्यांना मारलं. पुढच्या वर्षी १ जुलैला भिलाई पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, डझनाहून जास्त माणसं गेली. खून प्रकरणात खालच्या न्यायालयात उद्योगपतींनाही शिक्षा झाली होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली ती फक्त गोळी झाडणाऱ्याची.

आता नवा वामन दारात आहे. त्याच्यासाठी गौरीबिदनूरला खणावं लागलं नाही, तो प्रत्येकाच्या खिशातून आला. पत्र लिहून देतो, निबंध लिहून देतो, रुग्णाचे रिपोर्ट वाचून दाखवतो. खरं तर काहीच मागत नाही, म्हणजे तीन पावलांपेक्षाही कमी. आम्हीही तो वापरतो, सोवळेपणाचा आव आणत नाही. मात्र त्याच्याबद्दलची चर्चा ऐकली की नारळीकरांच्या कादंबरीसारखीच वाटते. यंत्र एक दिवस शिरजोर होईल का, मानवजात वाचेल का? चर्चा थोर आहे. ज्यांच्या गावात वामनाचं पहिलं पाऊल कधीच पडलं आहे, ते लोक या चर्चेत नाहीत.

गेल्या महिन्यात रेशनच्या रांगेत ओळखीचा एक हमाल पुढे होता. तीस वर्षं सिमेंटची पोती उचललेली. काउंटरवर विटेएवढं यंत्र, अगदी वामनमूर्ती. त्यानं अंगठा ठेवला. यंत्र बोललं नाही. पालथ्या मुठीनं अंगठा पुसला, शर्टाला घासला, तोंडाची वाफ दिली, पुन्हा ठेवला. मग दुसरा हात. सिमेंटनं त्याच्या बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या आहेत, अंगठा काचेसारखा गुळगुळीत आहे. “मशीन नइ मानत हे, भैया,” तो आमच्याकडे वळून म्हणाला, जसं काही चूक त्याचीच होती. दुकानदारही हळहळला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. पूर्वी वहीवर सही चालायची, अडलं तर भांडता यायचं. विटेएवढ्या पेटीशी भांडायचं कसं? आणि ती ठेवायची असं ठरलं, त्या बैठकीत या अंगठ्याची आठवण कोणी काढली होती?

नारळीकरांची कादंबरी या दिवाळीत जरूर वाचा. चाळीस वर्षांपूर्वीची आहे असं वाटत नाही. तिचं शीर्षकच धीर देतं की वेळेवर नाही म्हणता येतं. फक्त हे ‘नाही’ म्हणायचा अधिकार प्रयोगशाळेच्या दाराशी संपतो की जामुलच्या रांगेपर्यंत येतो, हे वाचताना बाजूला लिहून ठेवा. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कुंपणावर उभ्या उभ्या देता आलं नाही, त्यांच्या गोवर्धनाला नमस्कार करून आत आलो.

त्या हमालाला धान्य मिळालं. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेला, तिचा अंगठा लागला. तीही आता पोती शिवायच्या कामाला जाते.