शिळ्या कढीचा हिशेब

दूरचित्रवाणी मालिकेचा एखादा भाग फसणे ही लेख लिहिण्याजोगी घटना नव्हे. आठवड्यामागून आठवडे माल पुरवावयाचा म्हटल्यावर त्यातला काही हलका निघणारच. परंतु ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन विज्ञानमालिकेचा १७ जुलै १९८९ रोजी प्रक्षेपित झालेला ‘शेड्स ऑफ ग्रे’ हा भाग या सर्वसाधारण न्यायात बसत नाही. तो हातून बिघडला नाही, तो तसा करावयाचे आधीच ठरले होते. म्हणूनच, ज्यांना अंतराळयानांत काडीचाही रस नाही अशा वाचकांनीसुद्धा त्याच्या जमाखर्चावर एकवार नजर टाकण्यास हरकत नाही.

कथा चार वाक्यांत संपते. एका ग्रहाची पाहणी करताना यानाचा दुय्यम अधिकारी रायकर याच्या पायाला एका वेलीचा काटा बोचतो आणि जंतू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकू लागतात. डॉक्टर पुलास्की यंत्राच्या साहाय्याने त्याच्या स्मृती जागवितात. सुखद आठवणींवर हे जंतू पोसतात आणि क्लेशदायक आठवणींनी मरतात असे आढळल्यावर रुग्णावर दुःखाचा मारा करून त्याला बरे केले जाते. या आठवणी म्हणजे आधीच्या दोन हंगामांतील भागांचे कापून जोडलेले तुकडे! शिळ्या कढीला ऊत आणणे म्हणतात ते याहून निराळे नसावे.

वास्तविक कल्पना टाकाऊ नव्हती. दुःख हेच औषध ठरावे, जगण्यासाठी माणसाला आपले सारे अपराध आणि वियोग पुन्हा भोगावे लागावेत, यात चांगल्या विज्ञानकथेचे बीज होते. पण या रायकरला कॅमेऱ्याने पूर्वी टिपले नाही असे काहीच आठवत नाही. १९६८ सालच्या मूळ मालिकेतील ‘स्पॉक्स ब्रेन’ हा भाग आजही चेष्टेचा विषय आहे, कारण त्यात स्पॉकचा मेंदूच चोरीला जातो आणि उरलेले शरीर कळ दाबून चालविले जाते. हास्यास्पद खरे, परंतु ती चूक निदान नवी होती.

आता हिशेब. ७ मार्च १९८८ रोजी अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेने संप पुकारला आणि तो ऑगस्टपर्यंत चालला. पुनःप्रक्षेपणाच्या आणि परदेशातील विक्रीच्या उत्पन्नात आपला वाटा किती, हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. मालिकेचा दुसरा हंगाम त्यामुळे नोव्हेंबरात सुरू झाला आणि २६ ऐवजी २२ भागांचा झाला. त्यातील पहिल्याच भागासाठी १९७० च्या दशकात आखलेल्या, पण कधीच न निघालेल्या एका मालिकेची जुनी संहिता बाहेर काढावी लागली. टंचाई कशाची होती हे तेथेच उघड व्हावे.

पुढे ‘एलिमेंटरी, डिअर डेटा’ आणि ‘क्यू हू’ या भागांवर अंदाजपत्रकाबाहेर खर्च झाला. हंगामाची थैली एकच असल्याने एका भागाची चैन दुसऱ्याच्या पोटाला चिमटा घेऊनच भागवावी लागते. अखेरचा भाग नेहमीच्या सुमारे सात दिवसांऐवजी तीन दिवसांत उरकण्यात आला. गंमत अशी की, या तिन्ही भागांचे दिग्दर्शक रॉब बोमन हेच होते. मार्चअखेरीस शिल्लक निधी संपविण्याची धावपळ आपल्या कचेऱ्यांना परिचित आहेच. येथे उलट, संपलेल्या निधीतून एक भाग उभा करावयाचा होता.

ही उधळपट्टी होती काय? तसे म्हणता येत नाही. ‘क्यू हू’ मध्ये बोर्ग ही निर्विकार, समूहबुद्धीने चालणारी शत्रुजमात प्रथम अवतरली. १९९० मधील ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ आणि १९९६ चा ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ हा चित्रपट याच भांडवलावर उभे राहिले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला गुंतवणूक म्हणेल, आणि एक फिका भाग देऊन बोर्ग पदरात पडत असतील तर सौदा स्वस्त ठरवील. निर्मात्यांच्या बाजूने मांडता येईल असा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

तरीही तो पुरा पडत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच हंगामात आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग दाखविला गेला. डेटा हा यंत्रमानव स्वतंत्र व्यक्ती आहे की आरमाराची मालमत्ता, याची त्यात सुनावणी होते आणि रायकरला आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध बाजू मांडावी लागते. नवा ग्रह नाही, युद्ध नाही. मुख्यतः खोल्यांमध्ये बसून बोलणारी माणसे. तो लिहिला मेलिंडा स्नॉडग्रास यांनी, ज्या पूर्वी वकिली करीत असत. मालिकेच्या सर्वोत्तम भागांत त्याची गणना होते. म्हणजे थोडक्या खर्चात काय साधते हे निर्मात्यांना ठाऊक होते. जुलैत पैसा कमी होता हे मान्य करू, पण खरी उणीव होती ती लिहिलेल्या पानांची. देखावा, दिवे, चलचित्रांच्या करामती या सर्वांपुढे लेखकाची पाने ही या धंद्यातील स्वस्त सामग्री. कात्री मात्र तिच्यावरच चालली.

जुन्या भागांची पुन्हा भेट झाली तर बिघडले कोठे, असे काही चाहते म्हणतात. घरोघरी ध्वनिचित्रमुद्रक नव्हते त्या काळी हे पटले असते. १९८९ च्या अमेरिकेत ते सर्रास होते, आणि उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा दाखविण्याची प्रथाही होती. प्रेक्षकाला जुनेच हवे असते तर त्याने ते जुने म्हणून पाहिले असते. येथे ते त्याच्या हाती हंगामाची अखेर म्हणून ठेवले गेले.

या भागाची झळ आणखी एका व्यक्तीला पोहोचली. डॉक्टर पुलास्कींची भूमिका करणाऱ्या डायना मुल्डॉर यांचा मालिकेतील हा शेवटचा भाग. तिसऱ्या हंगामात पूर्वीच्या डॉक्टर परत आल्या. रायकर शुद्धीवर येतो, विनोद करतो, सारे हसतात. वर्षभर यानावर वावरलेल्या पुलास्कींचा निरोपाचा प्रसंग कोणी लिहिलाच नाही.